बांबूच्या बेटाखालची माती

मागच्या फेब्रुवारीत इंदूरजवळच्या चोरलच्या बाजूला एका परिचित कुटुंबाच्या शेतावर जाणे झाले. कुटुंब इंदूरचे, मराठी, होळकरांच्या चाकरीपासून इथे रुजलेले. शेत सिमरोलच्या पुढे, निम्मे काळ्या भारी जमिनीचे आणि निम्मे मुरमाड उताराचे. उतारावर त्यांनी सात वर्षांपूर्वी मानवेल बांबू लावला आहे. वस्तीजवळच्या बेटांखालचा पाला ते नेमाने झाडून घेतात आणि कडेला नेऊन पेटवतात, कारण पाल्यात साप-विंचू राहतात आणि आवार स्वच्छ दिसलेले बरे, असे घरच्यांचे म्हणणे. नाल्याकडच्या बेटांकडे मात्र कोणी फारसे फिरकत नाही, म्हणून तिथला पाला पडला तसा पडून आहे. मी आधी नाल्याकडच्या एका बेटापाशी बसलो आणि हाताने पाला दूर केला. वरची पाने कोरडी, फिकट, कागदासारखी वाजणारी होती. त्याखालची तपकिरी आणि एकमेकांना चिकटलेली. त्याच्याही खाली पाने ओळखू येईनाशी झाली होती आणि त्यांच्यामधून बुरशीचे पांढरे तंतू जाळ्यासारखे पसरले होते. माती गार होती, बोट दुसऱ्या पेरापर्यंत सहज आत गेले. मग वस्तीजवळच्या बेटाखाली खुरपे टेकवले, तर ते दगडावर आपटावे तसे वाजले. जमीन तीच, बांबू तोच, लावल्याचे वर्षही तेच.

हा फरक मला तेव्हापासून स्वस्थ बसू देत नाही, कारण बांबूविषयी आपल्याकडे जे बोलले जाते आणि जो पैसा खर्च होतो, त्यात या फरकाला कुठेच जागा नाही.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या 2021 सालच्या अहवालानुसार बांबू असलेले सर्वाधिक वनक्षेत्र मध्य प्रदेशात आहे, सुमारे 18 हजार चौरस किलोमीटर. 2017 साली 1927 च्या वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेरचा बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला आणि शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातला बांबू तोडण्याची आणि नेण्याची मोकळीक मिळाली. ती दुरुस्ती न्यायाची होती आणि फार आधी व्हायला हवी होती. त्यापाठोपाठ 2018 साली राष्ट्रीय बांबू अभियानाची फेररचना झाली; रोपामागे तीन वर्षांत 240 रुपये खर्च धरून त्यातले निम्मे खासगी लागवडदाराला 50, 30 आणि 20 टक्के अशा हप्त्यांनी द्यावेत, असे ठरले. इंदूरभोवतीच्या ज्या मराठी घरांची मुले पुण्या-बंगळूरला गेली आणि शेताकडे रोज लक्ष देणे जमेनासे झाले, त्यांना सोयाबीन-गव्हापेक्षा बांबू सोयीचा वाटू लागला, यात नवल नाही. अलीकडे त्यात कार्बन क्रेडिटच्या, म्हणजे हवेतला कार्बन साठवल्याबद्दल मिळणाऱ्या आणि विकता येणाऱ्या प्रमाणपत्राच्या, उत्पन्नाची आशाही मिसळली आहे. या सगळ्या व्यवहाराचे माप एकच आहे, ते म्हणजे रोपांची संख्या. रोप लावले का, जगले का, एवढेच पाहिले जाते. रोपाखालच्या जमिनीचे पुढच्या दहा वर्षांत काय झाले, हे कोणी विचारत नाही. माझे म्हणणे असे आहे की हवामानाच्या नावाने बांबूला जो सार्वजनिक पैसा किंवा जो कार्बनचा मोबदला द्यायचा, तो मातीच्या तपासणीशी आणि बेटाच्या व्यवस्थापनाशी जोडल्यावाचून देऊ नये.

बांबू इतर झाडांपेक्षा 35 टक्के अधिक ऑक्सिजन सोडतो, हे वाक्य रोपवाटिकांच्या पत्रकांपासून भाषणांपर्यंत सर्वत्र ऐकू येते. ते कोणत्या बांबूविषयी, कोणत्या झाडांच्या तुलनेत आणि कोणत्या मोजणीवर उभे आहे, हे सांगितले जात नाही. शिवाय ते खरे मानले तरी त्यावरून कार्बन किती काळ साठून राहिला, याचा काहीच बोध होत नाही. पानाने दिवसा जे घेतले ते पान कुजताना किंवा जळताना हवेत परत जाते आणि कुजताना ऑक्सिजनही खर्च होतो. हिशेब करायचा तो परत न गेलेल्या भागाचा.

बांबूचा कोंब एका पावसाळ्यात पूर्ण उंची गाठतो, काठी तीन-चार वर्षांत पक्की होते आणि आठ-दहा वर्षांत वाळून कुजू लागते. सागासारखे खोडात वर्षानुवर्षे लाकूड साठवत जाणे हे त्याच्या जातीतच नाही. म्हणून न तोडलेल्या बेटात उभ्या काठ्यांमधला कार्बन एका मर्यादेपाशी थांबतो. नव्या काठ्या जेवढा घेतात तेवढा जुन्या कुजून परत करतात. बेट दाटते, मधोमध मेलेल्या काठ्या अडकून राहतात, कोंबांना वाट मिळत नाही आणि वनखाते ज्याला ‘बिगडे बांसवन’ म्हणते तशी अवस्था येते. पक्की काठी वेळेवर काढून ती घराच्या छपराला, फर्निचरला, बुरुडाच्या कामाला लावली, तर तो कार्बन वापरात टिकतो. तीच कागदाच्या लगद्यासाठी किंवा सरपणासाठी गेली तर लवकर हवेत जातो. बाजारावर आपला फारसा ताबा नाही. जमिनीवर आहे, आणि बांबूचे खरे भांडवल तिथेच आहे.

जगभरच्या जमिनींच्या वरच्या एक मीटरमध्ये सुमारे 1,500 अब्ज टन सेंद्रिय कर्ब, म्हणजे सजीवांच्या अवशेषांतला कार्बन, आहे. वातावरणात आहे त्याहून तो कितीतरी अधिक भरतो. आता हे आपल्या हेक्टराएवढे लहान करून पाहू. एक हेक्टर जमिनीचा वरचा 30 सेंटिमीटरचा थर घेतला आणि मातीची घनता दर घनसेंटिमीटरला 1.3 ग्रॅम धरली, तर त्या थराचे वजन सुमारे 3,900 टन होते. सेंद्रिय कर्ब 0.5 टक्के असेल, आणि सरकारी माती-तपासणीच्या मृदा आरोग्य कार्डावर 0.5 च्या खालचा आकडा ‘कमी’ गटात मोडतो, तर त्या थरात साडेएकोणीस टन कर्ब आहे. हा आकडा 0.5 वरून 0.6 वर गेला तर जवळपास चार टन कर्बाची भर पडते, म्हणजे हवेतल्या 14 टन कार्बन डायऑक्साइडची. उलट, नांगरून, जाळून, झाडून तो 0.4 वर आला, तर तेवढाच हवेत गेला. वर हिरवे बेट डोलत असताना खाली हे घडू शकते आणि रोपांच्या मोजणीत ते दिसत नाही.

मातीत कर्ब टिकवण्याचे काम बुरशी आणि जिवाणू करतात. पाला मातीवर पडला म्हणजे कर्ब मातीत आला असे होत नाही. आधी बुरशी पानाचा चिवट भाग फोडते, जिवाणू त्यावर जगतात, मरतात, आणि त्यांच्या पेशींचे अवशेष चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटून बसतात. बऱ्याच वर्षांपर्यंत टिकणाऱ्या कर्बाचा मोठा भाग अशा मेलेल्या सूक्ष्मजीवांचा असतो, हे गेल्या दोन दशकांच्या मृदाविज्ञानाने पुढे आणलेले सत्य आहे. बांबूच्या मुळांशी सहजीवन करणारी मायकोरायझा बुरशीही मातीचे कण एकत्र बांधते आणि त्या गाठींच्या आत कर्ब सुरक्षित राहतो. नांगराचा फाळ किंवा फावडे या गाठी फोडते. आत लपलेल्या कर्बाला हवा लागते आणि जे जिवाणू तो सांभाळत होते तेच तो खाऊन संपवतात.

आपल्या कोरड्या उष्ण प्रदेशात या जीवांचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. बनारस हिंदू विद्यापीठातील जे. एस. सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विंध्य भागातील कोरड्या जंगलांत आणि गवताळ जमिनींत केलेले काम 1989 साली प्रसिद्ध झाले. त्यांना असे आढळले की सूक्ष्मजीवांचे वस्तुमान उन्हाळ्याच्या कोरड्या महिन्यांत सर्वाधिक असते आणि पावसाळ्यात, म्हणजे वनस्पती जोमाने वाढत असताना, सर्वांत कमी. उन्हाळ्यात जीव नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) आपल्या पेशींत धरून ठेवतात आणि पहिल्या पावसांबरोबर ते मुळांच्या हाती सोडतात. माळव्यातल्या शेतकऱ्याने हे वाचले तर त्याला मृगाच्या पहिल्या सरीनंतरचा मातीचा वास आठवेल. तो वासही मातीतल्या जीवांचाच. ही शिल्लक उन्हाळ्यात असते, आणि आपण पाला नेमका उन्हाळ्यात जाळतो. मोहाची फुले वेचायला जमीन मोकळी हवी म्हणून किंवा तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून लावलेली आग फेब्रुवारी ते जून या काळात बांबूच्या बेटांमधून पळत जाते आणि वरच्या दोन-चार सेंटिमीटर थराला भाजून काढते, जिथे हे जीव सर्वाधिक असतात. मोह-तेंदूवर ज्यांचे घर चालते त्यांना दोष देऊन हे थांबणार नाही. झाडाखाली जाळी अंथरून मोह वेचण्याची सोय त्यांच्यापर्यंत पोचवावी लागेल.

बांबू मातीचे भले करू शकतो, याचा पुरावाही आपल्याच मध्य प्रदेशात आहे. सिंगरौलीतील जयंत कोळसा खाणीच्या उपशाच्या ढिगाऱ्यावर, जिथे माती म्हणावी असे काही उरले नव्हते, तिथे लावलेल्या मानवेल बांबूचा अभ्यास त्याच विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी 1999 साली मांडला. तीन ते पाच वर्षांच्या लागवडीखाली सूक्ष्मजीवांमधला कर्ब आणि नत्र वर्षागणिक वाढताना दिसला. ओसाड ढिगाऱ्यावर पडलेला पाला आणि बारीक मुळांची वर्षभर चालणारी उलथापालथ यांनी ते घडवले. त्या पाल्याला कोणी झाडू लावला असता तर काय निघाले असते, याचा अंदाज कोणीही करू शकेल.

याची दुसरी बाजू चीनमध्ये दिसते, आणि तिथला अनुभव मोठा आहे. झेजियांग प्रांतात मोसो बांबूच्या वनांची आणि कोंबांसाठी वाढवल्या जाणाऱ्या लेई बांबूच्या बागांची मशागत जोरकस असते: खालचे गवत-झुडूप काढायचे, जमीन खोदायची, रासायनिक खत भरपूर द्यायचे, आणि लेईच्या बागेत हिवाळ्यात भाताच्या तुसाचा जाड थर घालून मातीला ऊब आणायची म्हणजे कोंब लवकर निघून चांगला भाव मिळतो. उत्पन्न वाढले. पण वर्षानुवर्षे असे केलेल्या मोसोच्या वनांत मातीतला सेंद्रिय कर्ब, विशेषतः त्यातला सहज हालणारा भाग, आणि सूक्ष्मजीवांमधला कर्ब कमी झाल्याचे तिथल्याच संशोधकांनी दाखवले. तुसाच्या थरामुळे लेईच्या बागांत कर्बाचा आकडा सुरुवातीला वाढला, पण माती आम्ल होत गेली, जिवाणूंच्या समूहांची घडण बदलली आणि काही वर्षांनी बागाच खंगल्या. मला यातला शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा वाटतो. केवळ कर्बाचा आकडा वाढला म्हणून माती सुधारली असे नाही. तिच्यातले जीवन कोणत्या दिशेने चालले आहे तेही पाहावे लागते.

चीनचा निष्कर्ष उचलून माळव्यात ठेवणे अर्थातच चूक होईल. मोसोचे कंद जमिनीखालून लांब पळतात आणि त्याचे सलग वन होते. आपला मानवेल बेट करून राहतो. तिथली माती लाल आणि मुळातच आम्लधर्मी, आपली काळी माती चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी, त्यामुळे युरियाने ती तितक्या लवकर आम्ल होत नाही. मात्र अल्कधर्मी मातीवर फेकलेल्या युरियातला नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाण्याचे प्रमाण मोठे असते, म्हणजे पैसा जातो आणि हवा बिघडते. शिवाय मानवेलीला पाणी साचलेले चालत नाही. सपाट काळ्या रानात मधोमध लावलेली रोपे पावसाळ्यात कुढतात, मग त्यांना खत देऊन, खोदून जगवण्याचा खटाटोप सुरू होतो. बांध, नाल्याचा काठ, निचऱ्याचा उतार या त्याच्या जागा आहेत. काळ्या मातीत चिकण अधिक असल्याने कर्ब धरून ठेवण्याची तिची ताकद मुरमाड जमिनीपेक्षा मोठी आहे, हे खरे; म्हणूनच काळी आणि मुरमाड जिथे भेटतात ती नाल्याकाठची पट्टी मला बांबूसाठी सर्वांत मोलाची वाटते.

तोडणीचा प्रश्न मातीपासून वेगळा नाही. वनातल्या तोडीत वर्षाच्या आतल्या काठीला करला, दुसऱ्या वर्षाच्या काठीला महिला आणि त्यापुढच्या पक्क्या काठीला पकिया म्हणतात. करला आणि महिला ठेवायच्या, पकिया काढायची, पावसाळ्यात हात लावायचा नाही, हा नियम जुना आणि शहाणपणाचा आहे, कारण कोवळ्या काठ्याच कंदाला अन्न पुरवतात आणि कंद जगला तर मुळे जगतात, मुळे जगली तर मातीतले जीव. प्रत्यक्षात ठेकेदाराचा माणूस बाहेरून सोपी सापडेल ती काठी तोडतो, आणि बाहेरची काठी बहुधा कोवळी असते. घोड्याच्या नालेसारखी एका बाजूने वाट उघडून आतल्या जुन्या काठ्या काढायला दीडपट वेळ लागतो. तो वेळ मजुरीत धरलेला नसेल तर मजुराकडून त्याची अपेक्षा करणे योग्य नाही.

व्यवस्थापनाचा हेतू चांगला असूनही परिणाम उलटा होऊ शकतो, हे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी कर्नाटकातील उत्तर कन्नडच्या बांबूवनांत दाखवून दिले आहे. कागद कारखान्यासाठी तोड करताना काटेरी बांबूच्या बुंध्याशी असलेले काटेरी जाळे साफ केले जाई. त्यामुळे बेट मोकळे होऊन जोमाने वाढेल, अशी वनखात्याची समजूत होती. गावकरी म्हणत होते की ते काटेच कोंबांचे रक्षण करतात. अभ्यासाअंती गावकऱ्यांचे म्हणणे खरे निघाले. काटे काढलेल्या बेटांचे कोंब गुरे आणि वन्यप्राणी खाऊन टाकत होते. झाडून स्वच्छ केलेले बेट पाहिले की मला हे उदाहरण आठवते.

पाल्याविषयी शेतकऱ्याची एक तक्रार मात्र रास्त आहे आणि तिला उत्तर द्यायला हवे. बांबूच्या पानात सिलिका जास्त आणि नत्र कमी असते, त्यामुळे ते सावकाश कुजते आणि कुजवणारे जीव काही काळ मातीतलाच नत्र ओढून घेतात. पाला ठेवला आणि रोपे पिवळी पडली, असे कोणी सांगितले तर तो खोटे बोलत नाही. पण यावरचा उपाय याच शहरात सापडला होता. 1924 साली इंदूरमध्ये ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ स्थापन झाली, होळकर दरबाराने तिला सुमारे 300 एकर जमीन दिली, आणि तिथे ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली. कपाशीच्या पऱ्हाट्या, तण, पाला यांसारखा कर्ब जास्त असलेला चिवट माल आणि शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती, थोडी राख यांचे थर रचायचे, ओल आणि हवा सांभाळायची, तीन वेळा उलथापालथ करायची, आणि सुमारे 90 दिवसांत खत तयार. आधी बुरशीने काम करावे आणि नंतर जिवाणूंनी, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा होता. 1931 साली त्या दोघांनी हे सारे पुस्तकरूपाने मांडले आणि इंदूरचे नाव जगभरच्या शेतीत गेले. वाडांचे नाव मराठी घरांतही आज फारसे कोणाला ठाऊक नसते, याचे मला वाईट वाटते. बांबूचा जास्तीचा पाला शेणाबरोबर असा कुजवून बेटालाच परत दिला, तर नत्राची ओढाताण राहत नाही, सापाची भीती राहत नाही आणि काडी लावावी लागत नाही.

यावर आक्षेप येतो की माती तपासणे खर्चाचे आणि किचकट आहे, एकाच शेतात दहा पावलांवर आकडा बदलतो, आणि कर्ब इतका हळू वाढतो की तीन वर्षांच्या अनुदानात त्याचा फरक दिसणारच नाही. आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच दरवर्षी तपासणी मागणे मला चुकीचे वाटते. लागवडीपूर्वी एकदा, मग पाचव्या आणि दहाव्या वर्षी, त्याच जागांवरून 0 ते 15 आणि 15 ते 30 सेंटिमीटरचे मिश्र नमुने घ्यावेत. मृदा आरोग्य कार्डासाठी 2015 पासून उभ्या झालेल्या प्रयोगशाळांची घडी त्याला वापरता येईल. तिसऱ्या वर्षाचा हप्ता आकड्यावर न बांधता वागणुकीवर बांधावा: पाला जाळला नाही, ओळींमध्ये नांगर घातला नाही, काठ्यांवर वर्षाची खूण केली. पाचव्या आणि दहाव्या वर्षी मात्र मातीच्या आकड्यावर वेगळी रक्कम द्यावी, आणि कार्बन क्रेडिट विकणाऱ्या मध्यस्थाला हे नमुने दाखवल्याशिवाय शेतकऱ्याशी करार करू देऊ नये. आज लहान शेतकरी वीस-तीस वर्षांच्या करारावर सही करतो आणि त्याच्या जमिनीत आधी काय होते याचा कागद त्याच्याकडे नसतो; उद्या वाद झाला तर तो कशावर उभा राहणार?

आणखी एक अट मी आग्रहाने घालीन. ‘पडीक’ असा शिक्का असलेल्या प्रत्येक जमिनीवर बांबू लावायचा मोह आवरला पाहिजे. रतलामजवळचे सैलाना आणि धार जिल्ह्यातले सरदारपूर येथील गवताळ माळ 1983 पासून तणमोर या पक्ष्याची अभयारण्ये आहेत. महसुली कागदावर अशा कित्येक जमिनी ओसाड दिसतात. पण गवताच्या मुळांनी तिथे शतकानुशतके कर्ब साठवलेला आहे. तो खणून तिथे बांबूचे खड्डे करणे हा हवामानाच्या दृष्टीनेही तोट्याचा व्यवहार आहे, पक्ष्याचा विचार बाजूला ठेवला तरी.

14 जुलै 2024 रोजी रेवती रेंजच्या टेकडीवर इंदूरकरांनी एका दिवसात 11 लाखांहून अधिक रोपे लावली. त्या दिवशीचा लोकांचा उत्साह खरा होता आणि तो मोलाचा आहे. एवढी माणसे रोपासाठी टेकडी चढतात, तर त्यांच्यातली थोडी मातीच्या कामालाही लागतील, असा मला भरवसा वाटतो. त्यासाठी जागाही आहे. हॉवर्ड-वाडांच्या संस्थेची जमीन आज कृषी महाविद्यालयाकडे आहे. तिथल्या दोन एकरांवर एकाच मातीत मानवेलीचे पाच तुकडे करावेत: एकात पाला पडू द्यावा, दुसऱ्यातला उचलून न्यावा, तिसऱ्यातला शेणाबरोबर कुजवून परत द्यावा, चौथ्यात खोदाई आणि युरिया करावा, आणि पाचव्याला, बेट दाटले तरी, हात लावू नये. पाचही तुकड्यांतला कर्ब आणि सूक्ष्मजीव मोजून आकडे मराठी आणि हिंदीत फलकावर लावावेत, म्हणजे महू-सिमरोलचा शेतकरी स्वतः येऊन पाहील. पहिला नमुना रोपे लावण्याआधी, मे महिन्यातल्या भेगाळलेल्या जमिनीतून घ्यावा.